कोणतीही व्यक्ती

आमच्या माहेरी हळू बोलणं कुणाला जमलंच नाही. वडिलांनी पिंपरीतल्या एका कंपनीत जन्मभर प्रेस शॉपमध्ये काम केलं. पत्रा दाबणाऱ्या त्या मोठाल्या मशिनींनी त्यांचे कान घालवले आणि त्यांच्या कानांपायी आमचे गळे तयार झाले. "चहा झालाय" एवढं सांगायलाही आम्ही भांडण काढल्यासारखं ओरडायचो. लातूरहून पाहुणे आले की पहिल्या दिवशी दबकून बसायचे आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच ओरडायला लागायचे. लग्न होऊन संत तुकाराम नगरात आले, तेव्हा आठवड्याच्या आत सासूबाईंनी माझ्यावर एक काम सोपवलं. खालच्या भाजीवाल्याला तिसऱ्या मजल्यावरून हाक मारायची. त्यांचा जिना वाचला आणि माझी इमारतीत ओळख झाली.

या आवाजाचा कुणाला अभ्यासासाठी उपयोग होईल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो शोध आमच्या यजमानांनी लावला, तोही मला न विचारता.

ते चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहेत. रोज कंपनीच्या बसने जातात आणि इतक्या वर्षांत ड्रायव्हरच्या मागची खिडकी त्यांच्या नावावर चढल्यासारखी झाली आहे. ड्रायव्हर पुनावळ्याचा, अगदी मूळचा. गावाभोवती वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या, पण त्याच्या बोलण्यात अजून जुनं गाव आहे. त्याच्या मुलीला जन्मापासून दिसत नाही. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, विषय मानसशास्त्र. पुढे शाळेत समुपदेशक व्हायचं तिच्या मनात होतं. तिचा एक पेपर राहिला होता आणि त्या पेपरचं जाडजूड पुस्तक तिला ऐकायला मिळत नव्हतं. फोन पुस्तकं वाचून दाखवतो म्हणतात, पण त्या पुस्तकाची बारीक मराठी छपाई त्याला झेपेना. जोडाक्षर आलं की तो अडखळायचा आणि तक्ता आला की बरळायचा. हा पेपर या खेपेला सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता.

ड्रायव्हरने हे सगळं मोशीच्या ट्रॅफिकमध्ये सांगितलं आणि आमच्या यजमानांनी तिथल्या तिथे मला देऊन टाकलं.

"आमची ही वाचंल की," ते म्हणाले. "तिचा आवाज तुझ्या हॉर्नच्या वर जातो."

संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून ते पुस्तक बाहेर आलं. आधी मी रागावले, मग पुस्तक उघडलं, मग स्वयंपाकाला उशीर झाला.

वाचायचं कसं, ते मला अंधांसाठीच्या एका ग्रंथालयातल्या सरांनी फोनवर शिकवलं. सर निवृत्त शिक्षक, स्वतः दृष्टिहीन. माझं वाचन एकट्या त्या मुलीसाठी न ठेवता त्यांच्या ग्रंथालयातही ठेवायचं, म्हणजे राज्यात कुठल्याही दृष्टिहीन विद्यार्थ्याला ते मिळेल, असं ठरलं. त्यांचे नियम कडक होते.

"ताई, छापलंय ते सगळं वाचायचं," सर म्हणाले. "गाळायचं काही नाही आणि पदरचं घालायचं काही नाही. डोळस माणूस पुस्तक उघडल्यावर जे जे बघतो, ते ते आमच्या कानावर पडलं पाहिजे. कंटाळवाणं आहे म्हणून तुम्ही सोडायचं नाही, ते आमचं आम्ही सोडू."

हे मला फार पटलं. नियम मोडणाऱ्यांचा मला राग येतो आणि नियम पाळताना मी जरा जास्तच पाळते, असं घरचे म्हणतात.

आतल्या खोलीत कपाटाची दारं उघडून, त्यांवर गोधड्या टाकून मी मधे बसायचे. पंखा बंद. फोन उशीवर. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे ज्या दिवशी पाणी त्या दिवशी इमारतीची मोटर चालू आणि माझं वाचन बंद. शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजून ठेवल्या होत्या. चौथी झाली की ती गॅस बंद करायची, मग पुढचा अर्धा तास माझा. मुखपृष्ठापासून सुरुवात केली. नाव वाचलं, आवृत्ती वाचली आणि दुसऱ्या पानावरचा तो बारीक मजकूरही खणखणीत आवाजात वाचला. या पुस्तकाचा कोणताही भाग प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय छायाप्रत, ध्वनिमुद्रण अथवा अन्य कोणत्याही स्वरूपात पुनरुत्पादित करता येणार नाही, तसे केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल. "कायदेशीर कारवाई"वर मी जरा जोरही दिला. आपण आरती म्हणतो तेव्हा प्रत्येक शब्दाचा अर्थ कुठे डोक्यात शिरतो? तसंच झालं. मी ध्वनिमुद्रण करता करता ध्वनिमुद्रण करू नका असं बजावत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

पहिली सहा प्रकरणं झाल्यावर पेन ड्राइव्ह डब्याच्या पिशवीतून बसमध्ये गेला आणि बसमधून पुनावळ्याला. एक प्रत सरांना पाठवली. मग मी वाट बघत बसले. कुणी तरी छान म्हणावं, असं मला वाटत होतं, ते कशाला लपवू?

पंधरा दिवस काही निरोप नाही. सोळाव्या दिवशी पेन ड्राइव्ह कागदात गुंडाळून परत आला.

मी ड्रायव्हरला फोन लावला. तो अवघडला. "वहिनी, राग मानू नका," म्हणाला. "पन तुमीच सांगितलंय ना त्यात, रेकॉर्डिंग करू न्हाई म्हनून? केस व्हईल म्हनून? आमी ड्रायव्हर मान्सं. उद्या केसबिस झाली आन् गाडी चालवायचा बॅज गेला तर खायाचं काय?"

मग मुलगी फोनवर आली. तिचा आवाज बारीक, शांत. "काकू, मी दुसऱ्या पानाच्या पुढे ऐकलंच नाही," ती म्हणाली. "पुस्तकाच्या मालकाने नको म्हटलंय. मग चोरून ऐकून पास व्हायचं, ते मला बरं वाटेना. तुम्ही एवढे कष्ट घेतलेत, तुम्हाला सांगायचा धीर होईना."

पंधरा दिवस ती त्याच अडखळणाऱ्या फोनशी झुंजत होती. परीक्षेला जेमतेम दोन महिने उरले होते. मला स्वतःचा इतका संताप आला की मी फोन ठेवून सरळ भांडी घासायला घेतली. ती आधीच घासलेली होती.

रात्रीचं जेवण व्हायच्या आधीच सरांना फोन केला. ते आधी खूप हसले. मग म्हणाले, "चूक माझी. सगळं वाचा म्हटलं, पण त्याचं उत्तर कुठे आहे ते सांगितलं नाही." आणि त्यांनी मला आपल्या देशाच्या कायद्यातलं एक कलम समजावून सांगितलं. काही वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत ते घातलं आहे. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही, त्यांना ते वापरता यावं म्हणून कोणतीही व्यक्ती त्याचं सोयीचं रूप तयार करू शकते, अभ्यासासाठी त्यांना देऊ शकते, आणि तो हक्कभंग ठरत नाही. अटी दोनच. त्यात नफा कमवायचा नाही आणि ते ज्यांच्यासाठी केलं त्यांच्याबाहेर जाऊ द्यायचं नाही.

"मग ती पुस्तकात छापलेली धमकी?" मी विचारलं.

"ती इतरांसाठी. छापायची पद्धत आहे, छापतात. पुस्तकातली सूचना म्हणजे देशाचा कायदा नव्हे, ताई."

त्या कलमाचा कागद मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला आणि फोनवर मुलीला वाचून दाखवला. तिने तो दोनदा वाचायला लावला. "कोणतीही व्यक्ती" या शब्दांवर ती थांबली. "म्हणजे संस्थाच पाहिजे असं नाही?" तिने विचारलं. नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह पुन्हा बसने पुनावळ्याला गेला आणि चार दिवसांत तिची तीन प्रकरणं ऐकून झाली. एका तक्त्यात मी रकाने उलटे वाचले होते, तेही तिने पकडलं. मला फार आनंद झाला. शाळेत माझं कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

हे सगळं सुरळीत चाललं असताना ग्रंथालयात पत्र आलं.

प्रकाशन परदेशातलं, पुस्तक मराठी, वकील दिल्लीचे. पत्रात शिवीगाळ काही नव्हती, उलट फार सभ्य होतं, सर म्हणाले. हे पुस्तक ध्वनिरूपात बाजारात विकत मिळतं का, याची खात्री केल्याशिवाय ते असं ठेवणं आंतरराष्ट्रीय रीतीला धरून नाही, एवढंच. सरांनी शोध घेतला. इंग्रजी आवृत्ती ऐकायला मिळत होती, मराठी कुठेच नव्हती. आणि असली तरी, आपल्या कायद्यात अशी खात्री करून घेण्याची अट नाही. ती तिकडच्या काही देशांत आहे आणि तीच आपणही घालावी, असा तिकडचा आग्रह आहे.

त्या दिवशी मला बऱ्याच गोष्टी कळल्या. एक बडं राष्ट्र दरवर्षी एक यादी काढतं, कोणकोणते देश त्यांच्या लेखकांचे, कंपन्यांचे हक्क नीट राखत नाहीत त्यांची, आणि आपला देश त्या यादीत नेमाने असतो. व्यापाराची बोलणी निघाली की ही यादी टेबलावर येते. दुसरीकडे, दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून जगातल्या देशांनी एक करार केला आहे आणि त्यावर सगळ्यात आधी शिक्कामोर्तब करणारा देश आपलाच. एकाच पोराला एका शिक्षकाने शाबासकी द्यावी आणि दुसऱ्याने अंगठे धरून उभं करावं, तसा हा प्रकार.

लेखकाच्या पोटावर पाय यावा, असं मला कधीच वाटलेलं नाही. पुस्तक ड्रायव्हरने विकत घेतलं होतं, पावती पुस्तकातच होती. पण जिला ते पान दिसतच नाही, तिने ते ऐकल्यामुळे त्यांची कुठली विक्री बुडणार होती, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. मला वाईट वाटलं आणि अपमानही वाटला. आपल्या देशाने विचार करून केलेला कायदा, आणि एका सभ्य पत्राने त्याला खुंटीवर टांगलं.

कारण ग्रंथालयाच्या विश्वस्तांनी माझं वाचन काढून टाकलं. "पडताळणी होईपर्यंत," असं ठरलं. उरलेली पाच प्रकरणं आता पाठवू नका, असं सरांनीच मला सांगितलं आणि सांगताना त्यांचा आवाज पडला.

"कायदा आपल्याकडे आहे ना, सर?" मी म्हटलं.

"आहे. पण कोर्टात जायची ताकद नाही. विश्वस्त घाबरले आहेत. राजगुरुनगरच्या एक बाई आहेत, अंगणवाडीत होत्या. नजर गेली तरी बाहेरून बी.ए. करतायत. चौथ्या प्रकरणावर अडकल्या आहेत. सकाळपासून दोनदा फोन झाला. त्यांना काय सांगू?"

यजमानांना मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, ते म्हणतील की जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. ते चपाती मोडत म्हणाले, "आमच्याकडंबी असंच असतंय. बाहेरून व्हिजिट येणार म्हणलं की आठ दिवस आधीपासून कंपनी झाडायला घेतात. पिवळे पट्टे नव्यानं मारतात. कामाचा स्टूल पट्ट्याबाहेर आहे म्हणून उचलून नेतात. पाहुणा येतो, अर्धा तास फिरतो, जातो. त्यानं स्टूल बघितलेलाबी नसतो. अन् आम्ही महिनाभर उभं राहून काम करतो, कारण स्टूल परत आणायचं कुणाच्या ध्यानातच नसतं."

इतक्या वर्षांच्या संसारात ते एका दमात एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

मी दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. "कलमात संस्था आहे, तशी कोणतीही व्यक्तीही आहे ना?" विचारलं. ते म्हणाले, आहे. "मग पत्र संस्थेला आलंय, मला नाही. मी वाचते आणि पोरीला देते. तुम्हाला मी काही विचारलेलंच नाही." सर म्हणाले, "आवाज जरा खाली ठेवा, ताई. पाचव्या प्रकरणात माझा कान बसला होता." परवानगी देण्याची ती त्यांची रीत होती.

गोधड्या पुन्हा कपाटावर चढल्या. पाच प्रकरणं मी सव्वातीन आठवड्यांत वाचली. एकदा घसा बसला, तेव्हा इमारतीत लोकांनी यजमानांना विचारलं की वहिनी गावाला गेल्यात का. सगळं झाल्यावर मी पहिली फाइल पुन्हा वाचायला घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांचा नियम मोडला. दुसऱ्या पानावरची सूचना जशीच्या तशी वाचली, एक शब्द गाळला नाही. त्याच्या खाली पदरचं घातलं. "ही वाचणारीची टीप आहे," असं म्हणून ते कलम वाचलं आणि शेवटी सांगितलं की हे वाचन फक्त ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांनी ते निर्धास्त ऐकावं.

परीक्षेत तिला लेखनिक मिळाली. ही उत्तर सांगणार, ती लिहिणार. पर्यवेक्षक दोनदा येऊन बजावून गेले, म्हणे, हळू सांगा, शेजारच्या वर्गात ऐकू जातंय. बारीक आवाजाची ती पोरगी! दोन महिने माझ्या आवाजात अभ्यास केला होता, उत्तरं त्याच आवाजात आठवली असणार. तिने हे फोनवर हसत हसत सांगितलं आणि मला मात्र डोळे पुसावे लागले. पेपर सुटला. तिसऱ्या वर्षाला तिचा प्रवेश झाला.

ग्रंथालयातलं वाचन मात्र आजही परत आलेलं नाही. पडताळणी चालू आहे. सर दर महिन्याला विचारतात आणि दर महिन्याला तेच उत्तर मिळतं.

निकालानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. यजमान घरी आले ते कान लाल करून. काय झालं ते सांगेनात. शेवटी डबा धुवायला टाकताना बोलले. सकाळी ड्रायव्हरने बस नाशिक फाट्याच्या सिग्नलला थांबवली आणि एक पेन ड्राइव्ह बसच्या टेपला लावला. मुलीने नवीन प्रत करून दिली होती, ती चालते का ते त्याला बघायचं होतं. आवाज किती ठेवलाय ते त्याच्या ध्यानात आलं नाही. पहिल्या शिफ्टची सगळी बस दचकून जागी झाली. माझ्या आवाजात आधी कायदेशीर कारवाईची धमकी आणि मग देशाचं कलम.

"मागून एक जण म्हणतो कसा," यजमान म्हणाले, "राव, वहिनी घरीबी असंच बोलतात का? अन् सगळी बस हसायली."

मी त्यांचं पुढचं ऐकलंच नाही. सरळ ड्रायव्हरला फोन लावला आणि फैलावर घेतलं. ते फक्त न दिसणाऱ्यांसाठी आहे, बसला ऐकवायला नाही, एवढी साधी अट आहे आणि तीही पाळता येत नाही का?

"लगेच बंद केलं, वहिनी," तो म्हणाला. "ते बी तुमीच सांगितलंय त्यात, फकस्त त्यांच्यासाठी म्हनून. चालतंय का तेवढं बघायचं हुतं. पुढं न्यायचं, तर चालाया नगं?"

"पुढे कुठे न्यायचं?"

"राजगुरुनगरला. ती अंगनवाडीची बाई हाय ना, चौथ्यावर अडकल्याली. पोरीनं तिचा पत्ता काढलाय त्या सरांकडनं. चाकनला आमच्या स्टँडवर खेडच्या, मंजी राजगुरुनगरच्याच, रूटचा एक भाऊ हाय, त्याच्या हातात दिलंय. आज पोचंल."

मी विचारलं, "आणि केस? बॅज?"

पलीकडे बसचं इंजिन चालू असल्याचं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "कोनतीबी व्यक्ती लिव्हलंय न्हवं, वहिनी? मंजी त्यात आमीबी आलो की."

पाण्याचा दिवस होता. मोटर चालू झाली, म्हणून मी फोन ठेवला.